नोकरी सोडून शिक्षक व्हायचंय? आधी मुलांचं वय ठरवा

आयटी, बँक किंवा कारखान्यातली बस्तान बसलेली नोकरी सोडून शाळेत शिकवायला यायचं ज्यांच्या मनात पक्कं होत आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी स्वतः इंजिनिअरिंग करून काही वर्षं कंपनीत काढली आणि आता मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे या वाटेवर येऊ पाहणाऱ्यांचे फोन येतात. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच : "सर, बी.एड. कुठून करू?"

हा प्रश्न खूप नंतरचा आहे. पहिला प्रश्न आहे, कितवीच्या मुलांना शिकवायचंय? कारण पदवी, परीक्षा, भरती, पगार हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. उत्तर न शोधता बी.एड.ला बसलेली, दोन वर्षं आणि साठवलेले पैसे घालवून मग "पहिली-दुसरीला घेत नाहीत म्हणे" असं कळलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांच्या तळमळीत काहीच कमी नव्हतं. वाट तेवढी चुकली होती.

पायरी १ : वर्ग ठरवा

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपण ज्याला डी.एड. म्हणत आलो तो बारावीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. शिवाय टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर १. बी.एड. इथे चालत नाही. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. लहान मुलांना वाचायला-मोजायला शिकवण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि बी.एड.मध्ये ते मिळत नाही, असा त्यामागचा विचार आहे. मला तो पटतो. पस्तिशीतल्या इंजिनिअरने पुन्हा डी.एल.एड.च्या वर्गात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींबरोबर बसणं अवघड वाटेल, पण पहिलीच्या मुलाला वाचतं करणं हीच तुमची ओढ असेल तर सरळ रस्ता तोच आहे.

सहावी ते आठवीसाठी पदवी, सोबत बी.एड. किंवा डी.एल.एड., आणि टीईटीचा पेपर २. या पेपरात गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एक गट निवडावा लागतो. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड.; तिथे टीईटीची अट नाही. अकरावी-बारावीसाठी त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. इथे इंजिनिअर लोकांनी जपून राहावं. बी.ई. मेकॅनिकलला भौतिकशास्त्र कितीही चांगलं येत असलं तरी कागदावर ती भौतिकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी नसते. खालच्या वर्गांसाठीही आपल्या पदवीवर नेमका कोणता विषय शिकवता येतो, हे प्रवेश घेण्याआधी जुन्या भरतीच्या जाहिराती वाचून तपासा. केंद्रीय विद्यालयांसारख्या ठिकाणी पदवीला तो विषय किती वर्षं होता हेही पाहतात.

नियम झाले. आता वय कसं ठरवायचं? सातवीचं मूल चुकलं की फळ्याकडे येऊन भांडतं, आणि तेच मूल नववीत गेलं की चूक लपवायला शिकतं. तिसरीतल्या मुलाला तुम्ही काय सांगताय यापेक्षा तुम्ही त्याच्याकडे बघून सांगताय का, याचं जास्त असतं. यातलं कुठलं मूल तुम्हाला रोज सकाळी भेटावंसं वाटतं? हे घरी बसून कळत नाही, म्हणून पुढची पायरी.

पायरी २ : राजीनाम्याआधी एक सत्र शिकवा

एखाद्या शनिवारी अनाथाश्रमात जाऊन विज्ञानाचे प्रयोग दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे. पाहुण्यावर मुलं नेहमीच खूश असतात. तीच मुलं, तोच विषय, आठवड्यातून किमान दोनदा, जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, अशी बांधीलकी घ्या. मुंबई-पुण्यात डोअर स्टेप स्कूल १९८८ पासून बांधकाम मजुरांच्या आणि वस्त्यांमधल्या मुलांसोबत काम करतेय, 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचंही काम आहे. तिथे स्वयंसेवक म्हणून विचारता येतं. गावी असाल तर जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. गणिताला मदत करायला कुणी नियमित येणार असेल तर बहुतेक मुख्याध्यापक आनंदाने बसवून घेतात. केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, कानावर घालायला मात्र त्यांना सांगा.

या सत्रात स्वतःला काय तपासायचं ते एका उदाहरणाने सांगतो. सहावीच्या वर्गात फळ्यावर लिहा : १/२ + १/३. निम्मा वर्ग २/५ लिहील. वर एक अधिक एक दोन, खाली दोन अधिक तीन पाच. कंपनीतून आलेला माणूस इथे हमखास म्हणतो, "असं नाही, छेद समान करायचा," आणि लसावि काढून दाखवतो. मुलं उतरवून घेतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा २/५.

त्याऐवजी विचारा, "अर्ध्या भाकरीत आणखी थोडी भाकरी घातली. आता अर्ध्यापेक्षा जास्त झाली की कमी?" सगळे ओरडतील, जास्त. "मग २/५ अर्ध्यापेक्षा जास्त आहे का?" आता वर्गात थोडा गोंधळ होईल. कुणीतरी म्हणेल, पाचाचे निम्मे अडीच, आणि दोन तर अडीचपेक्षा कमी. म्हणजे घालून कमी झालं! मग चौकटीच्या वहीत सहा घरांची पट्टी काढायला सांगा. अर्धी म्हणजे किती घरं? तीन. तिसरा भाग म्हणजे? दोन. मिळून पाच घरं, सहापैकी. पट्टी सहाचीच का घेतली, बाराची चालेल का, दहाची का नाही, हे प्रश्न मुलं आपण होऊन विचारतात, आणि छेद समान करायची गरज त्यांच्यातूनच निघते.

यात पूर्ण तास जातो. तोवर मागच्या बाकावर दोघांची मारामारी झालेली असते, एक जण पाणी प्यायला जाऊन परतलेला नसतो, आणि एका मुलीला अजूनही अर्धं म्हणजे काय ते नीट कळलेलं नसतं. घरी येताना तुमच्या डोक्यात त्या मुलीचा विचार असेल, उद्या तिला कसं सांगावं हे सुचत असेल, तर पुढे या. मुलं ऐकत नाहीत याचीच चीड असेल, तर आणखी एक सत्र करा. घाई नाही.

अरविंद गुप्ता यांचं उदाहरण मी सगळ्यांना देतो. कानपूर आयआयटीतून इंजिनिअर होऊन ते पुण्यात टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये होते. १९७८ मध्ये त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करायला गेले. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून आकार बनवायची त्यांची कल्पना त्याच काळातली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांची खेळणी देशभर गेली आणि २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. लक्षात घ्यायची गोष्ट ही की आधी रजा होती. तुमच्या कंपनीत बिनपगारी रजेची सोय असेल तर नक्की विचारा. लोक विचारतच नाहीत.

याच काळात बालभारतीची पाचवी ते आठवीची तुमच्या विषयाची पुस्तकं संपूर्ण वाचा, प्रत्येक उदाहरण सोडवा. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. आपण शिकलो त्यापेक्षा बरंच बदललंय.

पायरी ३ : पाच वर्षांचा हिशेब मांडा

हा भाग कोरडा आहे पण सगळ्यांत जास्त लोक इथेच परत फिरतात, म्हणून आकड्यांत सांगतो.

दोन वर्षं बी.एड.; उत्पन्न शून्य. त्यानंतर अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलात तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन ठरलेलं : जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला महिना १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये. त्याआधी हेच आकडे ६, ८ आणि ९ हजार होते. माध्यमिकचं धरलं तर तीन वर्षांचे ६,४८,००० रुपये. ते पूर्ण पाच वर्षांवर पसरले तर महिन्याला १०,८०० पडतात. आणि हा हिशेब बी.एड. संपल्या संपल्या नोकरी लागली असं धरून आहे. तसं सहसा होत नाही; मधे एक-दोन वर्षं मोकळी धरा.

तीन वर्षं पूर्ण झाली की नियमित वेतनश्रेणी मिळते. माध्यमिक शिक्षकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ३८,६०० पासून सुरू होतं, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे. त्यात साधं घर नीट चालतं. जुनी पेन्शन मात्र १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर लागलेल्यांना नाही.

म्हणून घराचं कर्ज मोठं असेल तर आधी ते खाली आणा, आणि नोकरी सोडायची तारीख त्यावर ठरवा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. स्वतःचा आणि आईवडिलांचा विमा पगार चालू असतानाच काढून ठेवा, म्हणजे आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ सरायला लागतो. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पुरी व्हायला दोन-चार महिनेच उरले असतील तर तेवढे थांबा. पीएफ काढून खर्चू नका.

संध्याकाळी क्लास घेऊन भर काढू, असं बरेच जण गृहीत धरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. बी.एड. करताना घ्या हवं तर, पण नोकरीनंतरच्या हिशेबात तो पैसा धरू नका.

पायरी ४ : घरच्यांशी बोला

नवराबायकोपैकी एकाचा पगार चालू राहणार असेल तर हा निर्णय दोघांचा आहे. पाच वर्षं त्या दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर जाणार आहेत. वरचा हिशेब कागदावर लिहून समोर ठेवा. "मला आतून वाटतंय" एवढ्यावर कुणाला गप्प करू नका. आईवडील म्हणतील, एवढं शिकवलं ते मास्तर व्हायला का? त्यांना एकदा तुमचा वर्ग बघायला घेऊन जा. माझ्या ओळखीतल्या एकीचे सासरे असे येऊन मागच्या बाकावर बसले आणि तासानंतर मुलांनाच प्रश्न विचारायला लागले. घरातला विरोध दुसऱ्या दिवसापासून निम्म्यावर आला.

पायरी ५ : बी.एड. मनापासून करा

प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या बी.एड. सीईटीतून होतो. सर्वसाधारण पदवीधरांना ५० टक्के गुणांची अट आहे, अभियांत्रिकीवाल्यांना ५५. राखीव प्रवर्गांना सवलत असते. महाविद्यालयाला एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता आहे का आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने फी किती ठरवलीय, हे दोन्ही संकेतस्थळांवर पाहून घ्या.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. "हजेरीची काळजी करू नका, परीक्षेपुरतं या" असं सांगणारी महाविद्यालयं तुम्हाला भेटतील, आणि नोकरी चालू ठेवून पदवी मिळवायचा मोह होईल. असं करू नका. नियमाने ८० टक्के हजेरी लागते आणि शाळेतल्या छात्रसेवेला ९० टक्के. ही छात्रसेवा एकूण २० आठवड्यांची असते, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. दुसऱ्याच्या वर्गात, अनुभवी शिक्षकाच्या नजरेखाली, चुकायची मुभा असलेले एवढे आठवडे तुम्हाला आयुष्यात पुन्हा मिळणार नाहीत. ते विकत घेतलेल्या हजेरीत घालवून जो थेट वर्गावर उभा राहतो, त्याची किंमत पहिल्या वर्षीची मुलं मोजतात.

दूरशिक्षणाचा पर्यायही बाहेरून येणाऱ्यांसाठी नाही. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आधीच प्रशिक्षण झालेल्या, प्राथमिकला नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी आहे.

बी.एड.मध्ये सुरुवातीला सूक्ष्म अध्यापनाचे पाच-सात मिनिटांचे पाठ असतात. प्रश्न विचारणे, फलकलेखन, उदाहरण देणे, एका वेळी एकच कौशल्य. अनुभवी लोकांना हे पोरकट वाटतं. फलकलेखन मात्र खरंच शिका. मीटिंगमध्ये पांढऱ्या बोर्डवर बाण काढणं वेगळं आणि चाळीस मुलं एकाच वेळी वहीत उतरवणार आहेत हे धरून फळ्याची डावी बाजू न पुसता ठेवणं वेगळं. पाठ टाचणं लिहायचा कंटाळा येईल. "मुलं इथे काय चुकतील" हा एक रकाना आपल्या मनाने त्यात वाढवा. पुढे वर्षानुवर्षं तोच कामाला येतो.

पायरी ६ : परीक्षा आणि भरती

टीईटी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. १५० प्रश्न, १५० गुण. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गांना ५५. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. सीबीएसईची सीटीईटी, म्हणजे केंद्रीय पातळीवरची टीईटी, तीही देऊन ठेवा. नववी-दहावीलाच शिकवायचंय म्हणून टीईटी टाळू नका, कारण पाचवी ते दहावीच्या शाळेत आठवीपर्यंतचे तास वाट्याला येतातच.

भरतीसाठी दुसरी परीक्षा आहे, टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, १२० मिनिटं, विषयज्ञान अजिबात नाही. वेग हाच सगळा खेळ. ती दरवर्षी होत नाही. २०१७ च्या डिसेंबरनंतर ती थेट २०२३ मध्ये झाली आणि मग २०२५ मध्ये. त्यामुळे जाहिरात आली की पात्रतेचे नियम वाचून लगेच फॉर्म भरा. टेटच्या गुणांवर पवित्र पोर्टलवर (राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर) स्वप्रमाणपत्र भरायचं, प्राधान्यक्रम द्यायचे. जिल्हा परिषदा आणि महापालिका मुलाखतीशिवाय घेतात. खाजगी अनुदानित संस्थांना मुलाखतीसह किंवा मुलाखतीशिवाय असे दोन्ही पर्याय आहेत. वयोमर्यादा राज्याच्या भरतीत साधारणपणे खुल्या गटाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ अशी असते. चाळिशी जवळ आली असेल तर हे आधी बघा, बाकी सगळं नंतर.

शाळेचा प्रकारही समजून घ्या. अनुदानित म्हणजे पगार सरकारकडून. अंशतः अनुदानित म्हणजे काही टक्के. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळेत संस्था देईल तो पगार. "आत्ता विनाअनुदानित आहे, दोन वर्षांत अनुदान येतंय, तेवढे लाख भरा" असं कुणी म्हणालं तर उठून या. अनुदान संचमान्यतेवर (पटसंख्येनुसार मंजूर होणाऱ्या शिक्षक पदांवर) आणि शासनाच्या निर्णयावर असतं, संस्थाचालकाच्या शब्दावर नसतं. अनुदानित पदावर नेमणूक मिळाली तरी शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी (सरकारी पगार प्रणालीतला क्रमांक) हाती आल्याशिवाय पगार सुरू होत नाही. नेमणूकपत्राइतकाच या दोन कागदांचा पाठपुरावा करा.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर टीच फॉर इंडियाची दोन वर्षांची पूर्णवेळ फेलोशिप आहे. २००९ पासून मुंबई-पुण्याच्या शाळांमध्ये त्यांचे फेलो शिकवतात, बी.एड. लागत नाही, मानधन मिळतं. काही प्रयोगशील आणि खाजगी शाळाही विषयातली पकड पाहून संधी देतात. तिथून सुरुवात करून मग बी.एड. केलेले शिक्षक मला चांगले ठाऊक आहेत, आणि त्यांची बी.एड.ची दोन वर्षं इतरांपेक्षा जास्त कारणी लागली.

नोकरीत आल्यावर शिकवण्याखेरीजही काम असतं. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतली मदत ही कायद्यानेच शिक्षकाकडे आहेत. शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, आकारिक-संकलित मूल्यमापनाचे तक्ते वेगळे. कंपनीतून आलेल्याला इथे एक फायदा असतो : एक्सेलला तो घाबरत नाही. पहिल्याच महिन्यात सहकाऱ्यांचे तक्ते करून द्यायला मदत करा. तुमचा ऑफ तास त्यात जाईल, पण कुठल्या मुलाच्या घरी काय चाललंय, कुठल्या मुलीला पुढच्या वर्षी शाळेतून काढणार आहेत, हे शिक्षकखोलीत त्याच वेळी कळतं.

पायरी ७ : राजीनामा कधी द्यायचा

सीईटी झाल्यावर नाही, निकालानंतरही नाही. केंद्रीभूत प्रवेश फेरीत महाविद्यालय मिळालं, तिथे जाऊन वर्ग कसे भरतात ते पाहिलं आणि प्रवेश पक्का केला, की मग. फेऱ्या पावसाळाभर लांबतात, त्यामुळे नोटीस पीरियड किती आहे आणि तो कमी करून मिळतो का, हे एचआरला आधीच विचारून ठेवा.

नोटीस पीरियडमध्ये कागद गोळा करा : दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, अधिवास, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी हवं. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही म्हणून कागदपत्र पडताळणीत अडकलेल्या बायका दर भरतीत दिसतात. दुरुस्तीला महिने लागतात, तेव्हा या यादीतलं हे काम आजच सुरू करता येईल. राजीनाम्याची वाट बघायची गरज नाही.